पाच रेघा

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला
ओकायाच्या सभागृहात, वरच्या मजल्यावर,
रॉकेलच्या हीटरभोवती आम्ही सात जण.
बुधवार म्हणजे सुइयोबी.
त्यातला सुइ म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे मी.
आईनं थ्वी नाव ठेवलं तेव्हा तिला कुठं ठाऊक होतं
की लेक एक दिवस इथं भिंगं घासायला येईल
आणि स्वतःच्याच नावाच्या वारी
पुन्हा शाळेत बसेल.

फुजिमोरी सर पूर्वी बस चालवायचे.
फळ्यावर खडू आपटून म्हणाले,
अक्षराला एकटं गाठून उच्चार विचारू नका.
एकटं असलं की ते तोंड उघडत नाही,
उघडलंच तर दहा थापा मारतं.
शेजारी कुणाला तरी बसवा, मग ऐका.
आणि काढलं: 生
डावीकडे एक तिरका फटकारा, तीन आडव्या, एक उभी.
जन्मणं, जगणं, उगवणं, कच्चं असणं,
सगळं ह्या एवढ्याशा खुंटीला टांगलेलं.

गाकुसेइ, विद्यार्थी: इथं ते सेइ.
इश्शो, अख्खं आयुष्य: इथं शो.
तान्जोबी, वाढदिवस: शोचा जो झाला,
शेजारच्या न्‌नं जीभ जड केली म्हणून.
नामातामागो, कच्चं अंडं: नामा.
हा नामा बिअरच्या दुकानाबाहेरही लटकतो,
असं ब्राझीलचा वाग्नर म्हणाला,
तो शब्द त्याला कुणी शिकवावा लागला नव्हता.
मी वहीच्या कडेला लिहिलं: सिन.
आमच्याकडे एकच. वाढदिवसातही सिन, विद्यार्थ्यातही सिन.
किती साधी माणसं आपण, असं वाटलं,
मग घर आठवलं, म्हणून पान उलटलं.

"ह्याचा एक उच्चार की असाही आहे," सर म्हणाले.
"उदाहरणार्थ..." आणि चष्मा कपाळावर ढकलून
पुस्तक चाळत राहिले.

मियासाका-सानचा हात वर गेला.
ऐंशीला टेकलेली बाई, दोन महिने येतेय,
तो हात वर गेलेला मी पाहिला नव्हता.
"कीइतो," ती म्हणाली. "कच्चं रेशीम."

पंधराव्या वर्षी गिरणीत लागले.
कढत पाण्यात कोष, त्यात बोटं,
बोटांना धाग्याचं टोक डोळ्यांआधी सापडायचं.
उकडलेल्या किड्यांचा वास केसांत, उशीत, भातात.
अकरा वर्षं रोज म्हणत होते, कीइतो, कीइतो.
गठ्ठ्यावर चिठ्ठी असायची, तिच्यावर सुतळी,
आणि सुतळी नेमकी खालच्या रेघेवरून जायची.
उरायचं ते अक्षर मला येत होतं,
दुधाच्या बाटलीवरून शिकलेलं: गाय.
अकरा वर्षं मी गाईचा धागा बांधला.
वाटायचं, असेल शिकलेल्या लोकांची काही पद्धत.

सगळे हसले, ती सर्वांत जास्त,
पदर नसलेली बाई हातरुमालात तोंड लपवून हसते तशी.
सर हसले नाहीत.
त्यांनी फळ्यावर चार रेघा काढल्या
आणि खडू तिच्यापुढे धरला.
पाचवी रेघ तिनं काढली,
जरा जास्तच लांब, फळ्याच्या चौकटीला टेकेपर्यंत.

शेवटी शिबाफु, हिरवळ. इथं फु.
"फु का?" मी विचारलं.
"माहीत नाही," सर म्हणाले. "पाठ करा."

साडेआठला बाहेर आलो तर वीतभर बर्फ.
तळ्याकडून वारा येत होता, नाक जागेवर आहे का
हे चाचपून पाहावं असा.
बसथांब्याकडे मधून तिरकं गेलं की दोन मिनिटं वाचतात,
सगळे तसेच जातात, ती पण इतके दिवस जायची.
आज दिव्याखालच्या पाटीपाशी थांबली.
काठीनं पाटीवरचा बर्फ झाडला.
"शि-बा-फु," ती म्हणाली. "आत जाऊ नये."

हिरवळ कुठंच नव्हती.
पांढरं, सपाट, वर आमच्याच मागच्या बुधवारच्या
पावलांचे बुजत आलेले खड्डे.
तिनं पुन्हा एकदा पाटी वाचली,
पाय मागे घेतला,
आणि कडेकडेनं लांबचा रस्ता धरला.
माझी बस चुकली.